१ मे २००४ चा हिशेब: पोलंडच्या डाव्यांना खुलं पत्र

नोव्हा लेवित्सा ('नवी डावी') पक्षाचे नेते, खासदार, मंत्री आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कार्यालयात मराठी वाचणारं कुणी नसणार, म्हणून पोलिश मजकूर टपालाने वेगळा पाठवला आहे. मराठीत लिहिते आहे ते माझ्या माणसांसाठी. त्यांच्यातल्या बहुतेकांना पोलंड ठाऊक आहे तो कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीमुळे, महायुद्धाच्या काळात तिथे राहून गेलेल्या पोलिश निर्वासितांमुळे. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर त्या देशातल्या डाव्यांचं पुढे काय झालं, हे आमच्याकडे फारसं कुणी सांगत नाही. सांगायचंच आहे तर तुमच्या तोंडावर सांगितलेलं बरं.

मी वूचमध्ये राहते. (मराठी वाचकांना नकाशात हे शहर लोड्झ म्हणून सापडेल.) माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. १९८२ च्या संपावर गेले ते पुन्हा कामावर गेलेच नाहीत. तेव्हा कापडगिरण्यांचं शहर मेलं की काय होतं, हे मला पोलिश शिकण्याआधीच माहीत होतं. इथे मला मतदानाचा हक्क नाही. कर भरते, विमा भरते, आणि सुरुवातीची वर्षं एका एजन्सीमार्फत ज्या करारावर काम केलं, तो तुमच्याच काळात या देशात बोकाळला. त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं मी धरून चालते.

वूचमध्ये मानुफाक्तुरा नावाचा एक भला मोठा मॉल आहे. लाल विटांच्या भिंती, आत सिनेमा, दुकानं, कारंजी. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये ज्यांनी खरेदी केली आहे, त्यांना इथे वेगळं काही वाटणार नाही. ही जागा आधी इझ्राएल पोझ्नान्स्की या गिरणीमालकाची. युद्धानंतर ती सरकारी झाली आणि तिला यूलियान मार्च्लेव्स्की या क्रांतिकारकाचं नाव मिळालं. नव्वदच्या दशकात ती बंद पडली. २००६ मध्ये मॉल उघडला.

याच मार्च्लेव्स्की गिरणीतल्या बायकांनी फेब्रुवारी १९७१ मध्ये मशीनं थांबवली होती. त्याआधी डिसेंबर १९७० मध्ये सरकारने मांस आणि इतर खाण्याच्या वस्तू महाग केल्या. ग्दान्स्क-ग्दिनियाच्या गोदी कामगारांनी विरोध केला, त्यांच्यावर गोळ्या चालल्या, चाळीसहून अधिक माणसं मेली. पक्षाचा पहिला सचिव बदलला. भाववाढ मात्र तशीच राहिली. ती मागे घ्यायला लावली वूचच्या विणकर आणि कताई करणाऱ्या बायकांनी. पंतप्रधान प्योत्र यारोशेविच जातीने समजूत काढायला आले. बायकांनी त्यांना घरात काय शिजतं आणि काय शिजत नाही ते ऐकवलं, आणि दुसऱ्याच दिवशी, १५ फेब्रुवारीला, सरकारने माघार जाहीर केली. त्या राजवटीला कामगारांनी उघडपणे नमवल्याची अशी उदाहरणं विरळ. तुमच्या पक्षाच्या कार्यक्रमांत झारविरुद्धचा १९०५ चा उठाव आठवला जातो, १९८० ची सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र कामगार संघटना आठवते. या बायका फार क्वचित. त्यांनी हरवलं कुणाला, तर तुमच्या पूर्वजांना, म्हणजे तेव्हाच्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाला. कदाचित म्हणूनच.

आता तुमच्या जन्माकडे येऊ.

२७ जानेवारी १९९० रोजी वॉर्सात, स्टालिनने भेट म्हणून बांधून दिलेल्या सांस्कृतिक प्रासादाच्या सभागृहात पोलिश संयुक्त कामगार पक्षाचं, म्हणजे त्याच कम्युनिस्ट पक्षाचं, शेवटचं अधिवेशन भरलं. शेवटचे सचिव म्येचिस्वाव राकोव्स्की यांच्या आज्ञेने पक्षाचा झेंडा सभागृहाबाहेर नेण्यात आला. आणि त्याच सभागृहात, त्याच दोन-चार दिवसांत, नवा पक्ष उभा राहिला: पोलंड प्रजासत्ताकाची सोशल डेमोक्रसी. अध्यक्ष ३५ वर्षांचे अलेक्सांदर क्वाश्न्येव्स्की, सरचिटणीस लेशेक मिलेर. जुन्याशी पुरती काडीमोड घेऊ या म्हणणारे तादेउश फिशबाख वेगळे निघाले, त्यांचा पक्ष लवकरच विरला. तुम्हाला वारशात इमारती मिळाल्या, सदस्य मिळाले, आणि मॉस्कोहून आणलेल्या सुमारे १२ लाख डॉलरच्या कर्जाचं बालंटही मिळालं.

नाव बदलण्यात मला वावगं वाटत नाही. खटकतं ते नाव कुणाचं घेतलंत ते. पोलंडमध्ये सोशल डेमोक्रॅट आधीपासून होते. १८९२ मध्ये स्थापन झालेला पोलिश समाजवादी पक्ष होता. त्याचं गुप्त वर्तमानपत्र याच वूचमध्ये छापलं जायचं, आणि १९०० मध्ये यूझेफ पिउसुद्स्की पकडले गेले ते त्याच छापखान्यात. नोव्हेंबर १९१८ मध्ये देश स्वतंत्र होताच आठ तासांचा दिवस आणि स्त्रियांना मताधिकार देणारं सरकार त्याच पक्षाच्या माणसाचं होतं. १९४८ मध्ये तुमच्या पूर्वजांनी हा पक्ष 'विलीन' केला, म्हणजे गिळला. त्याचे नेते काझिमेश पुझाक ३० एप्रिल १९५० रोजी, कामगार दिनाच्या आदल्या दिवशी, रावीचच्या तुरुंगात मेले. कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या सरकारच्या तुरुंगात. म्हणजे १९९० मध्ये जे नाव तुम्ही पाटीवर लावलंत, ते नाव लावणाऱ्यांना तुमच्याच घराने कोंडून ठेवलं होतं. पुढे तुमच्यातल्या काहींनी झाल्यागेल्याची माफी मागितली. पण पुझाकांच्या पक्षाचा वारसा चालवायचा तर त्यांचं काम करायला हवं होतं.

ते काम करू पाहणारे दुसरेही होते. सॉलिडॅरिटीतले डावे. १९९२ मध्ये रिशार्द बुगाय, वॉर्साच्या भूमिगत लढ्यातले झ्बिग्न्येव बुयाक आणि करोल मोद्झेलेव्स्की यांनी श्रमिक युनियन हा पक्ष काढला. मोद्झेलेव्स्की यांची ओळख तुम्हाला करून द्यायची गरज नाही, मराठी वाचकांना द्यायला हवी. १९६५ मध्ये त्यांनी आणि यात्सेक कुरोन यांनी तुमच्या मातृपक्षाला खुलं पत्र लिहिलं: कामगारांच्या नावाने तुम्ही एक नवा मालकवर्ग तयार केला आहे, अशा आशयाचं. दोघं तुरुंगात गेले. 'सॉलिडॅरिटी' हे नाव १९८० मध्ये सुचवलं तेही मोद्झेलेव्स्कींनीच. एकूण साडेआठ वर्षं तुरुंगात काढलेला हा माणूस नंतर म्हणत असे की भांडवलशाहीसाठी मी आठवडाभरसुद्धा आत बसलो नसतो. (तुम्हाला खुली पत्रं लिहिण्याची परंपरा पोलंडमध्ये जुनी आहे. एका बाबतीत प्रगती झाली हे मान्य: मला तुरुंग होणार नाही.)

१९९३ च्या निवडणुकीत श्रमिक युनियनला ७ टक्क्यांहून जास्त मतं आणि ४१ जागा मिळाल्या. त्याआधी गर्भपातावरच्या सार्वमतासाठी त्यांनी दहा लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या होत्या, त्या संसदेने केराच्या टोपलीत टाकल्या. १९९७ मध्ये संसदेत शिरायला लागणारा पाच टक्क्यांचा उंबरठा थोडक्यात हुकला, बुगाय बाजूला झाले आणि २००१ मध्ये त्या पक्षाचं उरलंसुरलं तुमच्या यादीत येऊन बसलं. १९४८ ला गिळला तो बंदुकीच्या धाकाने. हा दुसरा गिळायला यादीतल्या चार जागा पुरल्या.

१९९३ कडे जरा थांबून पाहायला हवं, कारण परदेशी विश्लेषक त्याला अजून 'कम्युनिस्टांचं पुनरागमन' म्हणतात. लोकांना सेन्सॉरशिप हवी होती म्हणून त्यांनी तुम्हाला मत दिलं नाही. १ जानेवारी १९९० ला अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची, एका झटक्यात बाजारव्यवस्था आणणारी योजना सुरू झाली. महागाई आवरली, हे खरं. पण कागदावर जिथे बेकारी नव्हतीच, तिथे १९९३ अखेर १६ टक्के माणसं कामाविना होती, २९ लाखांच्या आसपास. सरकारी शेतमळे एका कायद्याने बंद झाले आणि त्यांवर जगणाऱ्या वस्त्याच्या वस्त्या तशाच माळावर उरल्या. वूचच्या गिरण्यांचा माल सोव्हिएत बाजारात जायचा, तो बाजारच नाहीसा झाला. सॉलिडॅरिटीतून निघालेली सरकारं सांगत होती, कळ सोसा. तुम्ही सांगितलंत, कळ वाटून घेऊ. म्हणून २० टक्के मतं.

त्या २० टक्क्यांवर तुम्हाला ४६० पैकी १७१ जागा मिळाल्या. शेतकरी पक्षाच्या १३२ धरून एकूण ३०३. उजवे पक्ष डझनभर तुकड्यांत फुटले होते आणि नव्या उंबरठ्याच्या नियमाने एकतृतीयांशाहून जास्त मतं वाया गेली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच उलटणार आहे.

पुढच्या चार वर्षांबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. ग्झेगोश कोवोद्को अर्थमंत्री असताना अर्थव्यवस्था वर्षाला सहा टक्क्यांहून वेगाने वाढली, बेकारी उतरली. ५१२ कारखाने १५ निधींत घालून प्रत्येक प्रौढाला २० झ्वोतींत प्रमाणपत्र वाटण्याचा तो प्रकार फसला, पण त्यात निदान 'प्रत्येकाला' हा शब्द होता. पंतप्रधान यूझेफ ओलेक्सी यांच्यावर हेरगिरीचा आरोप झाला, ते गेले, चौकशीत काही निघालं नाही. १९९५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत क्वाश्न्येव्स्कींनी सॉलिडॅरिटीचे नेते लेख वालेसा यांना ५१.७ टक्के मतं घेऊन हरवलं. १९९७ ची राज्यघटना मुख्यतः तुमच्या संसदेचं काम. तिचं दुसरं कलम सांगतं की हे राज्य सामाजिक न्यायाची तत्त्वं अमलात आणेल. पुढे उजव्या सरकारने न्यायालयं ताब्यात घेतली तेव्हा लोक याच घटनेचं पुस्तक हातात धरून रस्त्यावर उतरले. हे श्रेय तुमचं आहे. त्याबद्दल कुणी तुमचे आभार मानत नाही, याचं मला वाईट वाटतं.

माझी तक्रार सुरू होते २००१ पासून.

त्या सप्टेंबरात तुमच्या आघाडीला ४१ टक्के मतं पडली. २१६ जागा. तोवर कुठल्याच पोलिश लोकशाही निवडणुकीत एका यादीला एवढं मिळालं नव्हतं. पंतप्रधान झाले लेशेक मिलेर. झिरार्दूव या तागाच्या कापडगावात वाढलेले, सतराव्या वर्षी तिथल्याच गिरणीत इलेक्ट्रिशियन म्हणून लागलेले, आणि वूचमधून निवडून येणारे. (वालेसाही इलेक्ट्रिशियनच. पोलंडची वायरिंग याच दोघांनी केली असं आमच्याकडचा एखादा पेन्शनर चौकात बसून म्हणाला असता.) झिरार्दूवच्या कामगार मुलींनी १८८३ मध्ये केलेला संप पोलिश भूमीवरचा पहिला मोठा संप मानतात. त्या गावचा पोर पंतप्रधान झाला, बेकारी २० टक्क्यांच्या घरात असताना. गिरणीतल्या बाईने याहून जास्त काय मागायचं?

मग तुम्ही काय केलंत?

२००२ मध्ये कामगार संहिता सैल केलीत. लागोपाठ दोन मुदतीचे करार झाले की तिसरा कायमचा, हा नियम युरोपीय युनियनमध्ये जाईपर्यंत स्थगित ठेवलात. २००४ पासून कंपन्यांवरचा कर २७ टक्क्यांवरून १९ वर आणलात, आणि व्यावसायिकांना १९ टक्के सपाट दराचा पर्याय दिलात. म्हणजे ज्यांची कमाई मोठी त्यांना वाढत्या दरातून पळवाट. हे बाल्त्सेरोविच यांना जमलं नव्हतं, ते सोशल डेमोक्रॅट पंतप्रधानाने करून दाखवलं.

आणि पोटगी निधी बंद केलात.

मराठी वाचकांना यातली मेख कळेल, कारण आमच्याकडे न्यायालयाने मंजूर केलेली पोटगी नवऱ्याकडून वसूल करता करता बायकांच्या चपला झिजतात. पोलंडमध्ये १९७४ च्या कायद्याने उभा राहिलेला एक निधी होता. बाप मुलांची पोटगी देत नसेल तर राज्य आधी आईला पैसे द्यायचं आणि मग बापाच्या मागे लागायचं. जुन्या राजवटीने केलेल्या, सरळ डोक्याच्या मोजक्या गोष्टींपैकी एक. तुमच्या सरकारने नोव्हेंबर २००३ च्या कुटुंबभत्त्याच्या कायद्याने तो मोडीत काढला आणि त्याजागी एकट्या पालकासाठी ठरावीक भत्ता आणला. आयांनी मोर्चे काढले, सह्या गोळा केल्या. निधी परत यायला २००८ उजाडलं, तोवर तुम्ही सत्तेबाहेर होतात.

तो कायदा अमलात आला तो दिवस: १ मे २००४.

त्याच दिवशी पोलंड युरोपीय युनियनमध्ये गेला. झेंडे, फटाके, बेटहोवन. त्याआधीच्या जूनमध्ये सार्वमतात ७७ टक्के लोकांनी होकार दिला होता आणि ते घडवून आणण्यात मिलेर यांचा वाटा मोठा होता, यात वाद नाही. दुसऱ्या दिवशी, २ मे ला, त्यांनी पंतप्रधानपद सोडलं. त्या एका शनिवार-रविवारात तुमच्या पक्षाचा सगळा इतिहास मला दिसतो. कामगार दिन, युरोपात प्रवेश, एकट्या आयांचा निधी बंद, नेत्याचा निरोप. यातली एक गोष्ट तुमच्या वर्धापनदिनाच्या भाषणांत असते. बाकीच्या नसतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. १९९० पासून तुम्हाला सिद्ध करून दाखवायचं होतं की आम्ही आता सभ्य आहोत. ब्रसेल्सला, वॉशिंग्टनला, बिशपांना, उद्योगपतींना, वर्तमानपत्रांच्या संपादकांना. या सगळ्यांचं देणं तुम्ही वेळेवर फेडलंत. अमेरिकेने सांगितलं, तुम्ही इराकमध्ये सैन्य पाठवलंत. स्तारे केयकुटीच्या जंगलात अमेरिकी गुप्तचरांना तळ दिलात, आणि तिथल्या कैद्यांच्या छळाबद्दल २०१४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने पोलंडला दोषी धरलं. युरोपीय युनियनच्या सार्वमताला बिशपांचा पाठिंबा हवा होता, म्हणून गर्भपाताचा कायदा बदलण्याचं वचन गुंडाळलंत. त्या वेळी शंभर स्त्रियांनी युरोपीय संसदेला पत्र लिहून या देवघेवीकडे बोट दाखवलं होतं. सही करणाऱ्यांत कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का होत्या, चित्रपट दिग्दर्शिका अग्न्येश्का होलांद होत्या. तुम्ही उत्तर दिलंत की वेळ योग्य नाही. ज्यांचं देणं थकलं ते तुमचे मतदार होते, आणि ते गरीब असल्यामुळे जप्ती आणू शकत नव्हते.

लोक तुमच्या पडझडीचं कारण म्हणून रिविन प्रकरण सांगतात. चित्रपटनिर्माता लेव रिविन जुलै २००२ मध्ये 'गाझेता विबोर्चा' या वर्तमानपत्राचे संपादक आदाम मिख्निक यांच्याकडे गेला आणि माध्यम कायद्यात सोयीचा बदल करून देण्याच्या बदल्यात १७५ लाख डॉलर मागितले. संभाषण ध्वनिमुद्रित झालं, डिसेंबरात छापून आलं, चौकशी समितीचं कामकाज महिनोन्महिने दूरचित्रवाणीवर चाललं. प्रकरण घाणेरडं होतंच. पण भ्रष्टाचाराच्या आरोपांतून पक्ष वाचतात, आमच्याकडे तर त्यावर पोसतात. ज्या पक्षामागे उभं राहायला माणसं असतात तो वाचतो. तुमच्यामागे २००४ मध्ये कुणी उभं नव्हतं. वूचची बाई तर नव्हतीच.

नंतरचं भराभर. मार्च २००४ मध्ये तुमचेच नेते मारेक बोरोव्स्की फुटून निघाले. २००५ मध्ये ४१ टक्क्यांचे ११ झाले. २००७ मध्ये मिलेर वूचमधूनच उभे राहिले, पण लोकानुनयी सामोओब्रोनाच्या यादीवर, आणि पडले. खरा पुरुष सुरुवात कशी करतो यावरून नाही, शेवट कसा करतो यावरून ओळखावा, असं त्यांचंच एक गाजलेलं वाक्य. त्यावर मी काही बोलत नाही. २०११ मध्ये ८ टक्के.

आणि २०१५. तुमच्या नेतृत्वाखालच्या संयुक्त डाव्या आघाडीला ७.५५ टक्के मतं पडली. पक्ष म्हणून नोंदणी केली असती तर पाच टक्के पुरले असते, आघाडी म्हणून केलीत त्यामुळे आठ लागत होते. नव्या पिढीच्या राझेम पक्षाला वेगळे ३.६२ टक्के. दोघं मिळून ११ टक्क्यांवर, आणि सेय्ममध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, एकही जागा नाही. १९८९ नंतर पहिल्यांदाच त्या सभागृहात एकही डावा पक्ष नव्हता. तुमची वाया गेलेली मतं कुणाच्या कामी आली? ३७.५८ टक्क्यांवर 'कायदा आणि न्याय' या उजव्या पक्षाला २३५ जागा, निखळ बहुमत. १९९३ च्या ज्या गणिताने तुम्हाला वर नेलं, त्यानेच तुमच्या हातून देश त्यांना दिला.

एप्रिल २०१६ पासून त्यांनी दुसऱ्या मुलापासून दरमहा ५०० झ्वोती थेट आईच्या खात्यात टाकायला सुरुवात केली. 'झ्लेत्सेन्ये' या कच्च्या करारावर (त्याबद्दल पुढे सांगते) काम करणाऱ्यांना ताशी किमान वेतन लावलं. वाढवलेलं निवृत्तीचं वय खाली आणलं. त्याच हातांनी न्यायालयं वाकवली आणि २०२० मध्ये त्यांच्या घटनापीठाकडून गर्भपात जवळजवळ बंद करवून घेतला. माझ्या इमारतीतल्या, गिरणीतून निवृत्त झालेल्या एका आजीबाईंना मी विचारलं होतं, तुम्ही आयुष्यभर डाव्यांना मत दिलंत, मग आता यांना कसं? त्यांनी नातवंडांची संख्या सांगितली आणि पाचशेने गुणून दाखवली. त्यांना अडाणी किंवा विकली गेलेली म्हणणाऱ्या तुमच्या वॉर्सातल्या मित्रांचा मला राग येतो. ज्या बाईकडून २००४ मध्ये पोटगीचा आधार काढून घेतला गेला, तिने २०१६ मध्ये खात्यात आलेले पैसे मोजायचे नाहीत?

आता तुम्ही पुन्हा सत्तेत आहात. २०१९ मध्ये १२.५६ टक्के घेऊन परतलात, २०२१ मध्ये नाव बदलून नोव्हा लेवित्सा झालात, २०२३ मध्ये ८.६१ टक्के आणि २६ जागांवर पंतप्रधान दोनाल्द तुस्क यांच्या सरकारात शिरलात. तुमचे व्वोजिमेश चाझास्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये सेय्मचे मार्शल, म्हणजे सभापती, झाले. मंत्री अग्न्येश्का जेम्यानोविच-बोंक यांच्या खात्याने विधवांसाठी निवृत्तिवेतनाची तरतूद केली, आणि २०२५ मध्ये झ्लेत्सेन्येवर केलेल्या कामाची वर्षं सेवाकाळात धरणारा कायदा झाला. माझीही काही वर्षं त्यात मोजली जातील, त्यासाठी मनापासून धन्यवाद. नाताळच्या आदल्या दिवशीची सुट्टीही तुमचीच. पण जुलै २०२४ मध्ये गर्भपातासाठी मदत करणाऱ्याला गुन्हेगार न ठरवण्याचं साधं विधेयक २१५ विरुद्ध २१८ ने पडलं, आणि ते पाडणाऱ्यांत तुमचे सरकारी भागीदार होते. तुम्ही निषेध केलात आणि खुर्चीवर बसून राहिलात. हे चित्र मी आधी पाहिलं आहे.

म्हणून काही मागण्या करते.

पुढच्या १ मे ला वूचमध्ये या. मानुफाक्तुराच्या दारात सभा घ्या, त्या बायकांच्या गिरणीच्या जागेवर. तिथे २००२ ची कामगार संहिता, १९ टक्क्यांचा कर आणि पोटगी निधी, या तिन्हींवर पक्षाची आजची भूमिका लेखी सांगा. माफी नको. माफीचा तुमच्याकडे सराव आहे. पुन्हा सत्तेत असताना यातलं काय करणार नाही, हे लिहून द्या, म्हणजे कुणाला तरी तो कागद पुढे धरता येईल.

दुसरं झ्लेत्सेन्येचं. मराठी वाचकांसाठी: हा नोकरीचा करार नव्हे, दिवाणी कायद्याखालचा कामाचा करार. पगारी रजा नाही, जादा तासांचा नियम नाही, काढून टाकताना संरक्षण नाही. वूच, व्रोत्स्वाव, वॉर्सात सायकलवर जेवण पोचवणारी जी भारतीय, नेपाळी, युक्रेनी मुलं दिसतात, त्यांच्यातल्या कित्येकांचं पोट यावरच चालतं. असा करार प्रत्यक्षात नोकरीच असेल तर श्रम निरीक्षकाने तो तिथल्या तिथे नोकरीत बदलावा, ही कल्पना तुमच्याच मंत्रालयाची. तुमच्या भागीदारांना ती नको आहे आणि उद्योगसंघटनांना तर नकोच आहे. तुम्ही सत्तेत कशासाठी आहात याची परीक्षा घ्यायला मला यापेक्षा चांगला प्रश्न सापडत नाही. तो अधिकार पातळ करून 'निरीक्षकाने सूचना द्यावी' यावर तुम्ही आलात, तर ती २००२ चीच आवृत्ती ठरेल. विधेयकाच्या त्या कलमावर सरकार पणाला लावा. गर्भपाताच्या वेळी लावलं नाहीत.

तिसरं राझेमबद्दल. ते तुमच्या सरकारात आले नाहीत, ऑक्टोबर २०२४ मध्ये संसदीय गटातूनही बाहेर पडले. मे २०२५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांचे आद्रियान झांदबर्ग ४.८६ टक्के, तुमच्या माग्दालेना ब्येयात ४.२३, आणि तुमच्याच जुन्या घरातल्या योआना सेनिशिन १.०९. तीन डावे उमेदवार, मिळून दहा टक्के, एकालाही पाच नाहीत. झांदबर्ग यांचा सूर मला कधी कधी वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलासारखा वाटतो. पण तरुण मतं तिकडे जात आहेत, आणि सरकारात जाण्याबद्दलची त्यांची शंका २००१–०४ वाचून आली आहे, ती आकसातून आली असं समजू नका. पुढची संसदीय निवडणूक २०२७ च्या शरदात आहे. यादीत कुणाचं नाव कितव्या क्रमांकावर, इथून बोलणी सुरू केलीत तर श्रमिक युनियनचं झालं तेच होईल. श्रम निरीक्षकाच्या कलमापासून सुरू करा. त्यावर राझेमचं आणि तुमचं मत आजही एक आहे, आणि नोंदणी पक्ष म्हणून करायची की आघाडी म्हणून, पाचचा उंबरठा की आठचा, हे उन्हाळ्याआधी वकिलाला विचारून ठेवा.

कळावे,

वूचमधली एक रहिवासी, मूळ मुक्काम लालबाग-परळ